चाक पुढे, गाडी मागे

मेव्हण्यानं कुसगावात बंगला घेतला, म्हणून मी माझ्या गाडीला नवी चाकं बसवून घेतली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं बायकोनं तेव्हाही विचारलं होतं आणि अजूनही अधूनमधून विचारते. जुने टायर झिजलेत, वळणावर गाडी घसरेल, असं मी तिला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. बंगल्याच्या आधी मेव्हण्यानं एक भलीमोठी उंच गाडी घेतली होती, आणि वास्तुशांतीच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांच्या गाड्या त्याच्या अंगणात ओळीनं लागणार होत्या. त्या गाडीशेजारी माझी जुनी छोटी गाडी उभी राहिली, की मोठीनं नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखी दिसली असती. नवी गाडी घेणं झेपत नव्हतं. मग निदान चाकं तरी.

मी तळेगावच्या एका शाळेत भूगोल शिकवतो आणि वराळ्याला एका सोसायटीत राहतो. यंत्रांतलं मला काही कळत नाही, पण कारणं सांगण्याची सवय मात्र हाडीमाशी भिनलेली आहे. वर्गात कुणी काही विचारलं आणि उत्तर येत नसलं, तरी मी खडू हातात घेतो आणि फळ्याकडे वळतो. फळ्यापर्यंत पोहोचेतो काहीतरी सुचतंच. घरी फळा नाही, पण सवय तीच.

हायवेच्या कडेला एका दुकानात मी चकाकती अलॉयची चाकं पसंत केली. दुकानदार बोलका होता. दर वाक्याची सुरुवात ‘सर’नं करायचा. सर, सीट कव्हर बदलून टाका. सर, मागच्या काचेला फिल्म लावू. सर, हा हॉर्न या चाकांना शोभत नाही. आणि याच चालीत तो म्हणाला, “सर, पन्नासेक किलोमीटर झाले की एकदा येऊन जा. नट परत टाइट करून घेऊ. नवीन चाक थोडं बसतं, मग नट ढिले पडतात.”

मला वाटलं, हा चौथा माल. ‘येऊन जा’ म्हणजे तो परत सीट कव्हर दाखवणार. मी हसून म्हटलं, “बघू.” पुढे त्यानं विचारलं, या चाकांसाठी नवे नट लागतील, काढू का? मी म्हटलं, “जुने काय वाईट आहेत? चालत असतील तर तेच लावा.” त्यानं जुने लावून पाहिले. ते लागले. मला आणखी एका फसवणुकीतून सुटल्याचं समाधान मिळालं.

त्या आठवड्यात मी विनाकारण पार्किंगमध्ये जायचो. कधी गाडीत विसरलेली छत्री आणायला, कधी छत्री ठेवायला. आमच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ रोज खाली फेऱ्या मारतात. ते चाकांसमोर थांबले, वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, “सुंदर आहेत हो. आता यांना शोभेल अशी गाडी घ्या.” मी ते वाक्य कौतुक म्हणून घरी सांगितलं.

आवाज सुरू झाला तो शाळेतून येताना. मागून कुठूनतरी टक् टक् टक्. वेग वाढला की आवाज भरभर यायचा, कमी केला की मंद व्हायचा. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “अहो, दाखवून घ्या की जाऊन.” मी तिला समजावलं, की नवीन रबर आहे, रस्त्यावर रुळायला वेळ लागतो. टायरच्या खाचेत खडी अडकली असेल, तीही पडेल आपोआप. मावळातली खडी बेसॉल्टची, कठीण असते. बायको माझ्याकडे बघत राहिली. बेसॉल्ट हा शब्द आला की ती वाद घालत नाही. अज्ञानामुळे नाही, तो शब्द आला की मी बराच वेळ बोलणार हे तिला ठाऊक आहे म्हणून.

वास्तुशांत रविवारी होती. सकाळी आम्ही आधी सुदुंबऱ्याला गेलो, कारण सासूबाईंना घेऊन जायचं होतं. त्यांना मी मामी म्हणतो. मामी नवंकोरं लुगडं नेसून ओट्यावर तयार बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी पाटा आणि वरवंटा तयार बसले होते.

“हे कशाला मामी?” मी विचारलं.

“पोराच्या घरात पाटा नगं?” मामी म्हणाल्या. “तेच्या बायकूनं मिक्सर आणलाय. मिक्सरची कुटं पूजा करत्यात?”

पाटा उचलताना माझी कंबर बोलली, पण जावई असल्यामुळे मी काही बोललो नाही. पाटा आणि वरवंटा दोन्ही डिकीत ठेवले. गाडीचा मागचा भाग चांगलाच खाली बसला. मामी मागे डाव्या बाजूला बसल्या, बायको माझ्या शेजारी, आणि आम्ही निघालो.

तळेगाव यायच्या आतच मामी म्हणाल्या, “जावईबापू, मागं कायतरी वाजतंया.”

“वरवंटा असेल,” मी लगेच म्हणालो. इतकं सोपं कारण मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. वडगावला गाडी बाजूला घेतली, डिकी उघडली आणि वरवंटा माझ्या नव्या जाकिटात गुंडाळून ठेवला. पाट्याखाली पायपुसणं सारलं. पुढे निघालो. टक् टक् टक्.

“द्या तो हिकडं,” मामी म्हणाल्या. “मी मांडीव घिऊन बसते.”

परत थांबलो. जाकिटात गुंडाळलेला वरवंटा मामींनी तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेतला. आता डिकीत फक्त पाटा होता आणि पाटा हलायचं कारण नव्हतं. तरी आवाज होताच. उलट थोडा मोठा झाला होता.

“रस्ता काँक्रीटचा आहे ना इथे,” मी म्हणालो. “काँक्रीटचे तुकडे जोडलेले असतात. प्रत्येक सांध्यावर चाक आपटतं.”

“हा रस्ता डांबरी आहे,” बायको म्हणाली.

मी खाली बघितलं. डांबरी होता. मी रेडिओचा आवाज वाढवला.

मामींचं निदान वेगळं होतं. त्यांना वाटत होतं, नव्या चाकांना कुणाचीतरी नजर लागली. “लय चकाकत्यात ती,” त्या म्हणाल्या. “लिंबू बांधायला पायजे व्हतं. म्होरं बाजारात घ्या एक.” कामशेतला आम्ही लिंबू घेतलं. मी मिरचीसकट ते पुढच्या बंपरला बांधलंसुद्धा. भूगोलाचा शिक्षक भर रस्त्यात वाकून गाडीला लिंबू बांधतोय, हे शाळेतल्या कुणी बघू नये म्हणून मी टोपी डोळ्यांवर ओढली होती. गाडीत तिघं होतो आणि तिघांचीही कारणं चुकीची होती. बायकोचं मत होतं की सायलेन्सर सुटलाय.

कार्ला फाट्याच्या पुढे बायको म्हणाली, “आता थांबवा. नीट उतरून बघा.”

मी उतरलो आणि नीट बघितलं. म्हणजे काय केलं, तर चारही टायरांना एकेक लाथ मारली. टायरला लाथ मारली की गाडीची प्रकृती कळते, हे ज्ञान पुरुषांकडे नेमकं कुठून येतं मला माहीत नाही, पण माझ्याकडे ते आहे. टायर टणक होते. हवा बरोबर होती. मागच्या डाव्या चाकावर चिखलाचे शिंतोडे उडाले होते, ते दिसायला वाईट दिसत होते. मी खिशातून रुमाल काढला, उकिडवा बसलो आणि ते चाक पुसून काढलं. आऱ्यांच्या मधल्या खाचा पुसल्या, मधली चकती पुसली. माझं बोट नटांच्या भोवतीनं फिरलं असणार. तिथे तेव्हा चार नट होते की तीनच उरले होते, हे मला आजही सांगता येत नाही. चाक लख्ख झालं एवढं आठवतं.

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. “दाजी, कुठपर्यंत आलात? गुरुजी थांबलेत. आईच्या हातून कलश ठेवायचाय.”

“आलोच,” मी म्हणालो. “गाडी एकदम ओके आहे.” गाडीबद्दल त्यानं काही विचारलंही नव्हतं.

लोणावळ्याच्या अलीकडे आम्ही हायवे सोडला आणि कुसगावच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता थोडा उताराचा आहे. दोन्ही बाजूंना लहानमोठी हॉटेलं, बंगल्यांच्या कुंपणभिंती, मधून किराणा मालाची दुकानं. वेग फार नव्हता. पण आता आवाज टक् टक् राहिला नव्हता, मागची सगळी सीट थरथरत होती. मामींच्या हातातला चुडा आपोआप वाजायला लागला. “आगं बया,” त्या म्हणाल्या, “गाडीला थंडी वाजतीया का काय!” मी रेडिओ बंद केला आणि ब्रेकवर पाय ठेवला.

कडाड् असा आवाज झाला. गाडी मागून डावीकडे धप्पकन बसली आणि खालून लोखंड रस्त्यावर घासत गेल्याचा भयंकर चरचराट सुरू झाला. आणि त्याच वेळी माझ्या डाव्या खिडकीच्या बाहेरून एक चाक शांतपणे पुढे निघून गेलं.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, बिचाऱ्या कुणाचंतरी चाक सुटलं. आणि लगेच दुसरा विचार आला, की चाक छान आहे, अगदी आपल्यासारखंच.

आमची गाडी फरफटत थांबली. चाक थांबलं नाही. उतारावर ते उलट वेग घेत होतं. पुढे रस्ता उजवीकडे वळत होता, चाक वळलं नाही. ते सरळ गेलं, गटाराच्या कडेवर आपटून माणसाच्या कमरेएवढं उंच उडालं आणि समोरच्या चहाच्या टपरीत घुसलं. टपरीच्या कोपऱ्यावर एक मोठा निळा ड्रम होता, पाण्यानं भरलेला. मोठा दणका झाला. ड्रम फुटला आणि पाण्याचा लोंढा रस्त्यावर आला. मग सगळं शांत झालं.

मी थांबलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढत बसलो. मागे मामी वरवंटा छातीशी धरून बसल्या होत्या. बायको मात्र दार उघडून टपरीकडे धावली. मी तिला इतकं जोरात धावताना लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

टपरीतून एक बाई बाहेर आली. पन्नाशी उलटलेली, डोक्यापासून पायापर्यंत निथळत होती, हातात चहाचं गाळणं तसंच धरलेलं. केसांतून पाणी गळत होतं.

“कोन हाय त्यो?” ती ओरडली. “कुटंय गाडीवाला?”

मी कसाबसा उतरून गेलो. “मावशी, ते चाक... माझंच आहे.”

“तुमचं हाय व्हय? मंग सांबाळायचं न्हाई का तुमी? आं? मी हितं भांडी घासत बसलेवते. ह्या ड्रमाच्या मागं. हितं!” तिनं बोटानं जागा दाखवली. अर्धवट घासलेल्या किटल्या, राखेची वाटी आणि बसायचा लाकडी पाट तिथे तसाच होता. फुटलेला ड्रम आणि पाट यांच्यामध्ये वीतभर जागा होती. आणि त्या जागेत माझं चकाकतं चाक तिरपं अडकलं होतं. “ड्रम रिकामा असता तर? सकाळीच टँकरवाल्यानं भरलाय म्हणून. न्हाईतर मी मेलेवते की आत्ता! आन् ह्या बाकड्याव रोज दोन म्हातारी माणसं बसत्यात पेपर वाचत. आज त्या नव्या बंगल्याव जेवायला गेलीत म्हणून वाचली.”

तो नवा बंगला मेव्हण्याचाच होता. हे मी त्या वेळी सांगितलं नाही.

ती बोलता बोलता एकदम बाकड्यावर बसली. गाळण्यातला चहाचा चोथा तिच्या ओल्या लुगड्यावर सांडत होता आणि तिला ते कळत नव्हतं. मी समोर उभा होतो. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचं कारण तोंडावर असलेला माणूस मी, पण आता मी वाकून ड्रम आणि पाट यांच्यातलं अंतर नुसतं वितीनं मोजलं. एका लोखंडी नटाच्या अंतरावर एक बाई बसली होती, भांडी घासत.

मामी मागून आल्या. एका हातात वरवंटा तसाच होता. तो त्यांनी बाकड्यावर ठेवला, मावशीच्या शेजारी बसल्या आणि स्वतःच्या नव्या लुगड्याच्या पदरानं तिचं डोकं पुसायला लागल्या. “भिजली गं बाय माजी,” त्या म्हणाल्या. “लय लागलं न्हाई ना?”

“लागलं न्हाई, पर जीव गेला आन् आला.”

“तुजं म्हायार कुटलं गं?”

“इंदुरीचं.”

“आगं, म्हंजी आमच्या शेजारचंच की! मी सुदुंबऱ्याची.”

पुढच्या काही मिनिटांत दोघींना एक सामाईक नातेवाईक सापडली, आणि दोघींनी मिळून माझा उद्धार सुरू केला. मामी म्हणत होत्या, “मी सुदुंबऱ्यापासनं सांगतीया, वाजतंय वाजतंय. पर ऐकतोय कोन?” मी मनात म्हटलं, मामी, तुम्ही तर लिंबू बांधायला सांगितलं होतं. पण बोलायची ती वेळ नव्हती.

बायकोनं फोन केल्यावर मेव्हणा आला. यजमान असल्यामुळे तो पितांबर नेसलेला, कपाळाला गंध, उघड्या अंगावर उपरणं. आपल्या त्या उंच गाडीतून तो तसाच उतरला, आणि त्याच्या मागून आणखी गाड्यांमधून पाहुणे उतरले. पूजा थांबवून निम्मी वास्तुशांत रस्त्यावर आली होती. कुणी फोटो काढले, कुणी मला पाणी दिलं. एका काकांनी खाली पडलेल्या चाकाकडे बघून विचारलं, “नवीन घेतली का चाकं? छान आहेत.” ज्या कौतुकासाठी मी ती घेतली होती, ते मिळालं एकदाचं.

मामींना पुढे नेलं आणि कलश वेळेत ठेवला गेला. मी गाडीजवळ थांबलो. लोणावळ्याहून मेकॅनिक आला. त्यानं गाडी जॅकवर घेतली आणि मला बोलावून दाखवलं. चाक ज्या चार बोल्टांवर बसतं, त्यांतले दोन मुळापासून मोडले होते. उरलेल्या दोनांचे आटे घासून गुळगुळीत झाले होते. चाकाची गोल भोकं हलून हलून लांबट झाली होती. “नट जुनेच लावलेत,” तो म्हणाला. “ह्या चाकाला वेगळ्या बुडाचे लागतात. हे नीट बसत नाहीत, नुसते टेकतात. परत आवळून घेतले नाहीत ना?”

“नाही,” मी म्हणालो.

मग त्यानं बाकीची तीन चाकं तपासली. पुढच्या उजव्या चाकाजवळ तो बसला, पान्हा बाजूला ठेवला आणि एक नट नुसत्या दोन बोटांनी फिरवून दाखवला. बाटलीचं झाकण फिरावं तसा तो फिरला. मी कार्ल्याच्या अलीकडे हायवेवर ट्रकना ओव्हरटेक करत होतो, ते याच चाकाच्या भरवशावर.  मी बाजूच्या कुंपणभिंतीला टेकून खाली बसलो.

दुपारी पंगतीला गेलो तेव्हा माझी गोष्ट माझ्या आधी पोहोचली होती आणि वाढप्यांबरोबर फिरत होती. मठ्ठ्यापर्यंत चाक टपरीतच होतं. जिलबी आली तेव्हा ते एका हॉटेलच्या भिंतीवरून उडून पोहण्याच्या तलावात पडलं होतं. विड्याचं पान येईपर्यंत तलावात पोहणारेही आले. बायको शेजारच्या पंगतीत होती. तिनं कुणाचीच चूक दुरुस्त केली नाही. नेहमी ज्या दोघा म्हाताऱ्यांना त्या बाकड्यावर पेपर वाचायची सवय होती, ते माझ्या समोरच जेवत होते. त्यातले एक आबा मला म्हणाले, “तुमचंच का ते चाक? बरं झालं आज आवतण होतं.” आणि त्यांनी आणखी भात मागून घेतला. मी जिलबी पानाच्या कडेला सारली.

मेकॅनिकनं नवे बोल्ट आणि स्टेपनी लावून दिल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानदाराकडे गेलो, भांडायच्या तयारीनं. तो म्हणाला, “सर, मी म्हटलं होतं ना, परत या म्हणून?” मी म्हणालो, “आणि हे नट या चाकांना चालत नाहीत हे तुम्हाला माहीत नव्हतं?” तो म्हणाला, “सर, तुम्हीच म्हणालात ना जुने लावा!” मी म्हणालो, “मी भूगोल शिकवतो. मी काहीही म्हणेन. नाही म्हणायचं काम तुमचं होतं.”  मी टपरीतल्या पाटाचं आणि ड्रमाचं अंतर हातानं दाखवलं, तेव्हा त्यानं माझ्या हाताकडे बघितलं आणि खुर्चीत बसला. आम्ही दोघांनी चहा घेतला. भांडण राहूनच गेलं. जुनी लोखंडी चाकं त्याच्या माळ्यावर पडली होती, ती त्यानं स्वतः बसवून दिली, प्रत्येक नट मला पान्ह्यानं दाबून बघायला लावला.

पुढच्या रविवारी मी नवा ड्रम टपावर बांधून कुसगावला गेलो. लोणावळ्यापर्यंत मी सायकलवाल्यांच्या मागून गाडी चालवली. मावशींनी ड्रमाभोवती एक फेरी मारली, बोटानं वाजवून बघितला.

“निळा न्हवता का?”

“काळाच मिळाला मावशी. पण जाड आहे.”

“ऱ्हाऊ द्या. चा घ्या.”

ड्रम मी त्याच जुन्या कोपऱ्यावर ठेवला. भांडी घासायची जागा मात्र तिथे नव्हती. ती त्यांनी टपरीच्या मागच्या बाजूला, भिंतीच्या आड नेली होती. तिथे ऊन येत नव्हतं आणि पाणी वाहून जायलाही वाट नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “तितं आता बसवत न्हाई. मोठी गाडी उतारावनं आली की हात थांबतो, आन् मी उठून हुबी ऱ्हाते. गिऱ्हाइकं हसत्यात.” हे त्या हसत सांगत होत्या. मी हसू शकलो नाही. लोणावळ्याला कधी गेलो की मी तिथे चहा घेतो. त्या साखर जास्त घालतात आणि मी तो तसाच पितो.

माझं काय झालं, तर मला नटांचा आजार जडला. घरातून निघायच्या आधी मी चारही चाकांपाशी वाकतो. सोसायटीतले ते निवृत्त गृहस्थ म्हणतात की मी गाडीला रोज प्रदक्षिणा घालून नमस्कार करतो. रस्त्यावर मी माणसांचे चेहरे बघत नाही, त्यांची चाकं बघतो. वडगावला एकदा एका अनोळखी बाईंच्या गाडीजवळ बसून मी खिडकीवर टकटक केली आणि म्हणालो, “ताई, तुमचा एक नट नाही.” त्यांनी काच वर केली आणि नवऱ्याला फोन लावला. नंतर कळलं, त्या गाडीला तीनच असतात.

त्यामुळे शाळेच्या सहलीच्या दिवशी सगळे मला ओळखूनच होते. सहल कार्ल्याला जाणार होती. बस सकाळी शाळेसमोर उभी राहिली, मुलं चढली, आणि मी बसभोवती फिरायला लागलो. मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या राहून घड्याळ बघत होत्या. “सर, आज तरी नको,” त्या म्हणाल्या.

मागच्या एका चाकाशी मी थांबलो. बाकीचे नट कोरडे होते. एका नटाच्या बुडाशी गंजाची तांबूस रेघ ओघळलेली होती. हे मी इतक्या महिन्यांत मेकॅनिकला विचारून विचारून शिकलो होतो, की नट हलायला लागला की आतली पूड अशी बाहेर येते. ड्रायव्हर माझ्या मागे येऊन उभा राहिला.

“काय बघताय सर?”

“हा नट जरा बघता का?”

“आवळलेत सगळे. कालच.”

“एकदा पान्हा लावा. माझ्यासाठी.”

“पोरं खोळंबलीत, सर.”

“लावा हो. घट्ट निघाला तर मी तुमच्या पाया पडतो.”

खिडक्यांमधून मुलांची डोकी बाहेर आली होती, मला पाया पडताना बघायला. ड्रायव्हरनं वैतागून सीटखालून लांब पान्हा काढला, नटावर बसवला आणि अंगाचा भार टाकला. नट फिरला. थांबला नाही, आणखी फिरला. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं नाही. शर्टाच्या बाह्या वर केल्या, आणि तो बसच्या सगळ्या चाकांचा एकेक नट आवळत फिरला. मुख्याध्यापिका बाईंनी घड्याळावर बाही ओढून घेतली.

निघताना तो म्हणाला, “सर, पुढं बसा, माझ्याशेजारी.”

हा मान आहे असं समजून मी बसलो. पण बसला इतके आवाज असतात याची मला कल्पना नव्हती. दार खडखडत होतं, काचा किणकिणत होत्या, गिअरची दांडी कुरकुरत होती. मुलं मागे गाणी म्हणत होती, आणि मी मान वाकडी करून एकेक आवाज वेगळा काढत होतो. कामशेत यायच्या आधी मला घाम फुटला होता. शेवटी मी हळूच विचारलं, “तो टक् टक् येतोय, तो कसला?”

ड्रायव्हरनं खाली हात घातला, स्टीलची बाटली उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, “धरून बसा, सर.”